चिमटीतली बाही

घरातून कुणीही बाहेर निघालं की शेवंतामावशी त्याची बाही चिमटीत धरायची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये कापड एकदा चोळायची आणि सोडून द्यायची. त्यासाठी ती हातातलं काम थांबवत नसे. कणीक मळत असली तर एक हात पदराला पुसून पुढे यायचा. सुजाता कॉलेजला निघाली की तिची बाही, मी भेटून परत निघाले की माझी, अगदी सिलिंडर आणून देणाऱ्याचीसुद्धा. तो हसायचा.

"मावशी, चेकपोस्ट खोल रखा है क्या?"

"टेरिकॉट है, बाबू. गॅस उठाते हो, सूती पहना करो."

"सूती में प्रेस कौन करेगा? आप?"

"ले आना," मावशी म्हणायची. एकदा तो खरोखरच शर्ट घेऊन आला, आणि तिने इस्त्री करून दिला.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन भंडाऱ्याकडून भिलाईला आली आणि तिथल्या कोहका वस्तीत दोन खोल्यांत राहिली. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिची शिलाई मशीन होती, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्याच खाली खिळ्याला अडकवलेली कात्री. नवरा, गुलाबकाका, कुरुदच्या बाजूला एका खाजगी रोलिंग मिलमध्ये होता. लाल झालेली सळई सांडशीने पकडून पुढच्या रुळात घालायची, हे त्याचं काम. असं काम करणाऱ्याने जाड सुती कपडेच घालायचे, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. सूत जळतं, पण त्याची राख होते आणि ती झटकता येते. टेरिकॉट वितळतं आणि बसल्या जागी बसून राहतं.

त्या वर्षी पाऊस उघडत नव्हता. काकाचा एक सुती जोड अंगावर भिजून आलेला, दुसरा दोरीवर ओलाच. मावशीने पेटीतून निळा शर्ट काढून दिला. लग्नात आहेर आलेल्या टेरिकॉटचा, तिनेच शिवलेला. "आजच्या दिवस हाच घाला," ती म्हणाली. दुपारी एक सळई रुळातून सुटून त्याच्या पाठीवर आली.

दवाखान्यात शर्ट काढता आला नाही. नर्सने विचारलं, "ये शर्ट पहनने को किसने दिया था?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, विचारायचं म्हणून विचारलं असेल. मावशी म्हणाली, "मैंने." आठवडा संपायच्या आत काका गेला. सुजाता तेव्हा पहिलीत होती.

त्यानंतर मावशीच्या मशीनखालून टेरिकॉट कधी गेलं नाही. कुणी कापड घेऊन आलं की ती काठाचा एक धागा ओढायची, काडी पेटवायची आणि धागा धरायची. राख झाली, कागद जळाल्यासारखा वास आला, की माप घ्यायची. धागा आक्रसून टोकाला टणक मणी झाला, की कापड घडी करून परत द्यायची. बायका चिडायच्या. "मावशी, आता सूती कोन घालते? तू कोणत्या जमान्यात राहून राहिली?" मावशी फक्त म्हणायची, "दुसरीकडं शिवून घेजो." गिऱ्हाईक कमी झालं. उरल्या त्या कामगारांच्या बायका, नवऱ्याचे जाड पँट-शर्ट शिवून घेणाऱ्या. त्या वाद घालत नसत.

आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

सुजाताला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती पाण्याचा अभ्यास करायला ग्लासगोला निघाली. विहारात तिचा सत्कार झाला. मावशी पांढरं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसली होती. नाव पुकारलं तेव्हा ती उठलीच नाही, शेजारच्या बाईने ढकलून उठवलं. सामान भरायचं काम मात्र तिने कुणाला करू दिलं नाही. कुर्ते, पायजमे, मलमलच्या ओढण्या, एक जाड खादीचं जाकीट, सगळं तिच्या हातचं आणि सगळं सुती.

"शेवंता, तिकडं थंडी लय असते म्हणते," माझी आई म्हणाली.

"थंडी तं इथंबी पडते. एकावर एक घालंन."

मावशीला उष्णता ठाऊक होती. थंडी तिला भिलाईपुरतीच ठाऊक होती.

सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरात फोनवर सुजाताचा चेहरा लहान दिसायला लागला. ओढणी डोक्याभोवती गुंडाळलेली, हात बाह्यांत ओढून घेतलेले. "माय, हवा अंदर घुसते. कुर्त्याच्या बाजूनं घुसते, गळ्यातून घुसते."

दुसऱ्या दिवसापासून मावशीने तिचे उन्हाळी कपडे हिवाळी करायला घेतले, इथून. रोज संध्याकाळी मी जायचे आणि फोन धरायचे, कारण मावशीला दोन्ही हात लागत. तिकडे तेव्हा दुपार असायची. मावशी तिच्याकडच्या एका जुन्या कुर्त्यावर करून दाखवायची आणि सुजाता तिकडे तसंच करायची. पहिल्यांदा बाजूचे कट शिवून बंद केले. मग बाहीच्या टोकाला ओढणीची पट्टी लावून ती मनगटाला घट्ट केली. मग एका कुर्त्यात दुसरा कुर्ता घालून, मध्ये मलमलचे दोन पदर ठेवून, गोधडीला घालतात तसे उभे टाके.

"टाका लांब पडून राहिला तुया. लहान घे."

"बोटं अकडली, माय. सुई दिसते, पण बोट नाई समजत."

"चहाचा कप धर थोडा वेळ. मग घे."

"तू तिथून मले डाटून राहिली, अन् इथं भूमिका हसून राहिली."

भूमिका तिच्यासोबत राहणारी, रायपूरची मुलगी. ती मागून ओरडली, "आंटी, मेरे लिए भी एक रजाई-कुर्ता!" मावशी हसली. त्या संध्याकाळी ती बऱ्यापैकी खूश होती. फोन ठेवल्यावर पाय पाटावर घेऊन बसली. पावलं सुजली होती, बोट दाबलं की खड्डा राहायचा. मी दवाखान्याचं काढलं. ती म्हणाली, "सुजाताचा कोट होऊ दे, मग जाऊ."

कोट झाला. जाड, थोडा वेडावाकडा, पण नीट बसणारा. सुजाता तो घालून युनिव्हर्सिटीत गेली आणि वाटेत पाऊस लागला. तिकडचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, ती सांगायची, नुसता हवेत लटकून असतो. सुती कोट पाणी पीत राहिला. दिवसभर तो ओला कोट अंगावर, संध्याकाळी खोलीत टांगला तरी सकाळी ओलाच. आत भरलेली मलमल तर वाळेचना. ती तसाच घालून गेली. तिच्याजवळ जे होतं ते सगळं असंच होतं.

खोकला लागला. मग ताप. फोनवर वाक्याच्या मध्ये थांबून ती श्वास घ्यायची. मावशी ऐकत असताना तिचेही ओठ हलायचे, जणू पुढचा शब्द तीच ढकलून देत होती.

"डॉक्टर काय म्हणते?"

"छातीत बसलं म्हणते. गरम राहा म्हणते. सूखे कपडे पहनो. इथं सगळे जॅकेट घालतात, माय. पानी अंदर नाही जाता."

"कशाचं असते?"

सुजाताने हात बाह्यांत आणखी आत ओढले. मग म्हणाली, "सगळं प्लास्टिकच असते."

"ऊनचा कोट पाह्य, लोकरीचा. निखळ ऊन."

निखळ लोकरीचा कोट सुजाताच्या आवाक्यातला नव्हता. हे कळल्यावर मावशी इथून स्वेटर पाठवायचा म्हणून माझ्यासोबत पॉवर हाऊस भागातल्या बाजारात आली. प्रत्येक दुकानात ती स्वेटरच्या आतल्या बाजूने एक तंतू ओढायची आणि बाहेर पायरीवर जाऊन काडी पेटवायची. लोकर जळली की केस जळाल्यासारखा वास येतो. तो वास आम्हाला कुठेच मिळाला नाही. प्रत्येक वेळी टोकाला मणी. एक दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "अम्मा, स्वेटर लेना है कि दुकान जलानी है?" बाकीचे हसले. मावशीने काडी पायाखाली विझवली आणि त्याला म्हणाली, "जलाऊंगी क्यों, बेटा." परत येताना रिक्षात तिला धाप लागली होती.

त्याच आठवड्यात सुजाताने मला मेसेज केला. भूमिकाचं शिक्षण संपलं होतं, ती जाताना तिचं जांभळं जॅकेट देऊन गेली होती. सुजाता ते घालत होती. "ताई, माय को मत बताना. फोनच्या टाइमला मी काढून ठेवते." खरंच ती काढून ठेवायची. रोज संध्याकाळी कुर्त्यांचा तोच कोट घालून बसायची आणि मावशी विचारायची, "वाळला का?" ती म्हणायची, "वाळला." खोकला कमी होत होता. मावशीला वाटायचं, कोटाने गुण दिला. गल्लीत ती तसं सांगायचीही.

नोव्हेंबर लागला. एका सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं आणि ते उघडलं नाही. शेजारच्यांनी कडी तोडली. मावशी मशीनशेजारी पडली होती, डोकं कापडाच्या गठ्ठ्याला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय, आणि पायावरची सूज पाहून म्हणाले, बऱ्याच दिवसांचं असावं.

सुजाता त्याच दिवशी निघाली असती तरी पोचायला फार उशीर झाला असता. माझा भाऊ प्रफुल तिला फोनवर घेऊन उभा राहिला. विहारातले लोक आले, बायका पांढऱ्या लुगड्यांत आल्या. कुणीतरी दुकानातून वर घालायचं पांढरं कापड आणलं होतं, चकचकीत, घडीची रेघ न मोडलेलं. सुजाता रडत नव्हती. ती म्हणाली, "ताई, तो कपडा पाह्य जरा. धागा काढ."

मी धागा काढला. काडी पेटवली. सगळे थांबले, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आता हे कावून?" पण कुणी अडवलं नाही. धागा आक्रसला आणि टोकाला काळा मणी झाला.

मी तो फोनसमोर धरला. सुजाताने पाहिला आणि मान हलवली. प्रफुलने कापड घडी करून पिशवीत घातलं. मावशीच्या पेटीतून मी तिचं सत्काराच्या दिवशीचं पांढरं सुती लुगडं काढलं, आणि तेच तिच्यावर घातलं.

मावशी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे होते. ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी तिने फोन लावायला सांगितला. का, ते सांगितलं नाही. "लाव ना, पोरी," एवढंच. सुजाताने रस्त्यावर फोन घेतला. मागे ओल्या दगडी भिंती, पडलेली पिवळी पानं, आणि तिच्या अंगावर गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जांभळं जॅकेट. तिला ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता. तिने फोन वर धरला, मग पुन्हा खाली आणला.

"माय," ती म्हणाली.

मावशीने चष्मा पुसून घातला. "बाही दाखव."

सुजाताने बाही फोनजवळ आणली. पावसाचे थेंब तिच्यावरून घरंगळत होते, एकही आत जात नव्हता. मावशीने हात पुढे केला आणि फोनच्या काचेवर, बाही होती तिथे, अंगठा आणि बोट टेकवलं. चोळलं. चित्र मोठं झालं आणि नुसता जांभळा रंग दिसायला लागला. तिने हात मागे घेतला.

"कईपासून घालून राहिली?"

"भूमिका गेली तईपासून."

"खोकला त्याच्यानंच कमी झाला?"

सुजाताने बाहीवरचे थेंब पुसले. मावशी माझ्याकडे वळली नाही, तरी मला कळलं की मला माहीत होतं हे तिला कळलं आहे.

मावशीचे दोन्ही हात मांडीवर होते. मग तिने विचारलं, "आत वल्लं होते का?"

"नाई."

"गरम वाटते?"

"हो, माय. गरम वाटते."

"मग घाल."

सुजाताने चेहरा दुसरीकडे वळवला. परत वळली तेव्हा तिने नाक पुसलं आणि म्हणाली की ती घरीच निघाली आहे, दुपारचं जेवण व्हायचं आहे, वरण-भात लावेल. मावशीने विचारलं, तूरडाळ मिळते का तिकडे. मिळते, म्हणाली. मावशीने मान हलवली आणि मी फोन बंद करणार तेवढ्यात तो माझ्या हातातून घेऊन तोंडाजवळ नेला.

"गॅस पेटवाच्या आधी काढून ठेवजो," ती म्हणाली.