बॅटरीची डॉक्टरीण

आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीनं मान टाकली तेव्हा नवरा म्हणाला, "भंगारात घालू, नवी आणू." मी म्हणाले, "थांबा, मी जिवंत करते." मला येतं काय, तर शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करणं. पण मोबाइलवर एका माणसानं मेलेली बॅटरी सावकाश चार्ज करून, आतल्या पट्ट्यांवरचा पांढरा थर उतरवून उठवलेली पाहिली आणि माझ्या अंगात आलं.

इन्व्हर्टर आमच्याकडे चैनीचा नव्हता. सासूबाईंना दमा आहे. त्यांना मी आत्या म्हणते. धाप लागली की त्यांना वाफेचं मशीन लावावं लागतं आणि उन्हाळ्यात सोलापुरात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. हे सगळं माहीत असून मी त्या बॅटरीवर शिकायला बसले, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

ॲसिड उडेल म्हणून भर मे महिन्यात मी नवऱ्याचा रेनकोट घालून जिन्याखाली बसायचे. बुचं काढायची, काचेच्या नळीनं ॲसिडचा जोर मोजायचा, पातळी दाखवणारी तांबडी खूण खाली गेली असेल तर दुकानातून आणलेलं बॅटरीचं पाणी घालायचं. आत्या शेजारी स्टूल टाकून सगळं बघायच्या. "पोरी, घामानं निम्मी झालीस की," म्हणायच्या.

आणि बॅटरी खरंच उठली! वीज गेल्यावर पंखा फिरत राहिला तेव्हा मी हवेत गेले. शेजारच्या चाचींना म्हणाले, तुमची बॅटरी बसली तर आधी मला सांगा. नवरा एसटीत कंडक्टर आहे. तो बार्शीच्या गाडीत तिकिटं फाडत असताना फोन करून त्याला ही बातमी दिली.

मग नळीतला जोर हळूहळू उतरायला लागला. मी पुन्हा चार्ज करायचे, थोडा चढायचा, पुन्हा उतरायचा. मी चार्जरला दोष दिला, वायरींना दिला, शेवटी नवऱ्याच्या दृष्टीलाही दिला. मीठ-मोहऱ्या घेऊन बॅटरीची दृष्ट काढायचीच काय ती राहिली होती.

एका दुपारी आत्यांच्या तोंडाला मशीन लावलेलं असताना वीज गेली. इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. आत्यांचे डोळे मोठे झाले, छाती भात्यासारखी हलायला लागली. मी इतकी घाबरले की चप्पल न घालता, मशीन काखोटीला मारून, त्यांना कवेत धरून चाचींकडे नेलं. चाचींचा इन्व्हर्टर चालू होता. चाचींनी काही न विचारता मशीन लावलं. मी नुसती आत्यांची पाठ चोळत राहिले.

बऱ्याच वेळानं श्वास जरा खाली बसला. आत्यांनी मास्क बाजूला केला.

"बंद... कशी पडली गं? पाणी तर मी... परवाच भरलं हुतं की."

"कुठलं पाणी, आत्या?"

"नळाचं. तू वततीस... तसंच. तांबडं खाली गेलं की... तांब्यानं."

आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी घरात फुलपात्रसुद्धा रिकामं राहत नाही. हंडे, पिंप, बादल्या भरून झाल्या की आत्या बॅटरीही भरत होत्या! आमच्या खाऱ्या पाण्यानं नवी बॅटरीसुद्धा मेली असती.

"तुझं काम... तेवडंच हलकं," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा मास्क लावला.

मला हसू आलं आणि रडूही आलं. सगळ्या गल्लीला मी ज्ञान पाजळलं, पण घरातल्या माणसाला कुठलं पाणी ते सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आत्या तेव्हा घरी येऊन कॉटवर टेकून बसल्या होत्या. मी म्हणाले, "माझ्या हातूनच बिघडली. नवीच आणा."

आत्यांनी ऐकलं आणि फोनपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी म्हनतच हुते, हे बायकांचं काम न्हाय, पर हिला लई हौस, रेनकोट घालून बसायची बघ जिन्याखाली!"

मी फोन त्यांच्या आणखी जवळ धरला. एवढं लांबलचक वाक्य त्या कुठंही न थांबता बोलल्या होत्या.