एकीला सोडून बाकी सगळ्या बेन

हाका मारण्याचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आपण तोंड उघडतो, चुकतो, लोक हसतात आणि किस्सा तयार होतो. बडोद्यातल्या पहिल्या वर्षात मी इतक्यांदा चुकलो, की अलकापुरीतल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आजही चहाबरोबर तोंडी लावायला मलाच घेतात.

*

साताऱ्याहून आलो त्या सकाळी दारातूनच अदबीनं विचारलं, "पटेलसाहेब?" कुणी मानच वर केली नाही. आत चार पटेल होते आणि त्यांतला साहेब एकही नव्हता. मालकांना सगळे हसमुखभाई म्हणायचे. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायची या कल्पनेनंच माझी जीभ जड झाली. मधला मार्ग म्हणून पंधरा दिवस मी त्यांना 'हसमुखभाईसाहेब' म्हणत होतो. शेवटी तेच वैतागले. म्हणाले, तुमची हाक पुरी होईपर्यंत साइटवर स्लॅब भरून होतो.

*

चहावाल्याला मात्र मी गावाकडच्या सवयीनं "ए रमण" म्हणायचो. माझा चहा सगळ्यात शेवटी आणि कोमट यायचा. वाटलं, टेबल लांब पडतं. टेबल बदलून घेतलं. चहा तसाच!

नव्या टेबलाशेजारी ट्रेसिंग करणारी माधुरी शिर्के बसायची. घर तरसालीला, पणजोबा संस्थानच्या फौजेत, आणि ही एका दमात तीन भाषा बोलणारी. तिनं हळूच सांगितलं, की इथे चहावालाही भाई असतो. दुसऱ्या दिवशी "रमणभाई" म्हटलं. वाफाळता चहा आला, वर दोन गाठिये.

टेबल बदलल्याचं सार्थक झालं, ते काही चहामुळे नाही.

*

मग मी रुळलो, आणि रुळलेला माणूस जास्त चुकतो. वासणा भागातल्या एका बंगल्याच्या नकाशात दिवाणखान्याच्या छताला चार कड्या दाखवल्या होत्या. मी त्या लाल पेन्सिलनं खोडल्या आणि बाजूला ठळक लिहिलं, 'अनावश्यक'. घर गुजराती कुटुंबाचं आणि कड्या हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या! हसमुखभाईंनी तो नकाशा ऑफिसभर फिरवला आणि मला 'दोढ डाह्यो' ठरवलं.

अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. दीडशहाणा म्हणत म्हणतच आईनं मला वाढवलं होतं.

*

ऑफिसात सगळ्या बायका बेन. फोन घेणाऱ्या ज्योतीबेन, झाडायला येणाऱ्या मणीबेन. त्यांना बेन म्हणायला मला काहीच वाटत नसे. माधुरीला मात्र म्हणवेना, कारण मला तिच्याशी लग्न करायचं होतं. नुसतं 'माधुरी' म्हणण्याएवढी छाती नव्हती. म्हणून मी खोकायचो. ती बघायची, मग मी बोलायचो. ती मला दिवसातून वीसदा अगदी सहज 'श्रीधरभाई' म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा खोकायचो.

असे सहा महिने गेले. एके दिवशी मणीबेननी कळवळून घरून आल्या-तुळशीचा उकाळा आणला आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे ठेवला. हसमुखभाईंनी नकाशातून डोकंही वर काढलं नाही.

"मणीबेन, आ खांसी उकाळाथी नहीं मटे. ए माटे तो तरसाली जवुं पडे."

हा खोकला उकाळ्यानं जायचा नाही, त्यासाठी तरसालीलाच जावं लागणार, हे सगळ्या ऑफिसानं ऐकलं. माधुरीनं ट्रेसिंगचा कागद उलटा लावला, तो संध्याकाळपर्यंत तसाच होता. मी उकाळा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

*

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तरसालीला गेलो. दार माधुरीनंच उघडलं. आत वळून म्हणाली, "बाबा, ऑफिसातले श्रीधरभाई आलेत," आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

ते 'भाई' ऐकलं आणि पाठ करून आणलेली चारही वाक्यं विसरलो. तिच्या वडिलांना सांगितलं, की सहज इकडून चाललो होतो. रविवारी सकाळी इस्त्रीच्या शर्टात सहज कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. पेपर बाजूला ठेवून, चष्मा पुसून त्यांनी मला नीट बघितलं.

"श्रीधर होय? हे नाव या घरात आज पहिल्यांदा ऐकतोय. इथं सहा महिने नुसतं 'तो' चाललंय. तो असं म्हणाला, तो आज जेवलाच नाही. नाव विचारलं की ही उठून स्वयंपाकघरात जाते."