शोध चालू राहू दे

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अप्पा शिफ्टवरच जगत होते. "फर्स्ट शिफ्ट सुटली की येतो," म्हणायचे आणि दुपारी तीनच्या सुमारास नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून रोह्यातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हजर व्हायचे. सारी नोकरी केमिकल कंपनीत गेली. मुलगा पुण्याला. बायको, माई, आदल्या वर्षी गेलेली.

पहिल्यांदा आले तेव्हा चादरीत गुंडाळलेला सीपीयू त्यांनी पोटाशी धरला होता. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी स्वतःच तो फॉरमॅट केला होता. माईंचे सगळे फोटो, व्हिडिओ त्यातच होते.

"आवाज होता गो तिचा त्याच्यात," एवढंच बोलले.

मी सांगितलं, की पुसलेलं लगेच जात नाही. पण त्या डिस्कवर नवीन काही टाकलं तर त्याच्याखाली कायमचं गाडलं जातं. फाइल परत आणायचं सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवायचं. अप्पांना हे लगेच पटलं. "चालू मशीनमध्ये हात घालायचा नाय," ते म्हणाले.

मग सॉफ्टवेअर निवडणं सुरू झालं. प्रत्येकाबद्दल त्यांचा एकच प्रश्न, "हे आधी दाखवतं का आधी पैसे मागतं?" डिस्कला हात लावायच्या आधी ट्रायल हवी, हा कंपनीतला शिरस्ता. एका पेनड्राइव्हमध्ये मी फोटो टाकायचे, पुसायचे आणि एकेक सॉफ्टवेअर लावून बघायचे. एकाने फाइलींची सगळी नावं झोकात दाखवली, पण फोटो एकही उघडेना. "नुसता बोर्ड मोठा, आत माल नाय," म्हणून अप्पांनी ते बाद केलं. शेवटी एक साधंसुधं निवडलं. नावं त्याला सापडत नव्हती, पण फोटो उघडत होते.

खऱ्या डिस्कवरचं बरंचसं तुटकंच आलं. अर्धे फोटो खालून करडे. एक व्हिडिओ मात्र अखंड निघाला. माई मागच्या दारी जवळा निवडत बसलेल्या. पेणकडच्या मिठागरवाल्यांची लेक, उघड्यावर लांबून हाका मारायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. "ठेवा वो तो मोबाईल! भात उतू जातंय, बघा!"

"व्हय, ठेवतो," अप्पा स्क्रीनला म्हणाले.

काम झालं. आता ते कशाला येतील, असं वाटलं. पण दोन-तीन दिवसांनी आले. हातात मेमरी कार्ड. "यातलं कायतरी गेलंय बघ." मी कार्ड लावलं. कोरं होतं, त्यात कधी काही भरलंच नव्हतं. मी अप्पांकडे पाहिलं. ते खुर्ची ओढून बसले होते.

"चालू राहू दे शोध. घाई नाय," ते म्हणाले.

मी स्कॅन लावलं आणि दोघांसाठी चहा सांगितला. पावसाळाभर ते असेच येत राहिले. कधी हे कार्ड, कधी ते. मी प्रत्येक वेळी स्कॅन लावायचे. त्या वेळात ते माईंबद्दल बोलायचे, नाहीतर स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीचं सरकणं बघायचे.

दिवाळीनंतर मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. महिन्याभराने फोन आला. मी विचारलं, "अप्पा, बरं चाललंय ना तिकडे?"

"हाय गो, सगळं हाय," ते म्हणाले. "पण इथं कायच हरवत नाय."