भिंतीवरची तिची उंची

बाजव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या बंद पडलेल्या कारखान्याची भिंत आहे. त्या भिंतीवर माझी बायको आहे. ती जाऊन आठ महिने झाले, पण भिंतीवर होती. आता तिथे नवा रंग मारणार, असं समोरच्या चहावाल्याने फोनवर सांगितलं, म्हणून मी वासण्याहून दोन बस बदलून गेलो.

आधी ती भिंतीवर कशी गेली ते सांगतो.

मी चौथी शिकलेला. बडोद्यात मराठी माणूस म्हटला की लोकांना सरकारी हुद्देवाले, पंडित, प्रोफेसर असलेच लोक आठवतात. माझा बाप त्यांच्या भिंतींना चुना मारायचा. मीही तेच शिकलो आणि कारखान्यात रंगखात्यात लागलो. टाक्या, पाइप, कठडे, सगळ्यांना रंग. युनियनला भिंतीवर काही लिहायचं असलं की मला बोलवायचे. मला वाचायला वेळ लागतो, पण कोणी कागदावर काढून दिलं की तेच हातभर मोठं आणि सरळ काढून देतो. चित्र मात्र कधी जमलं नाही.

एका साली मालकाने गेटला टाळं लावलं. आम्ही बाहेर लिंबाखाली बसून राहिलो. दोन महिने झाले आणि तिकडे सीमेवर लढाई सुरू झाली. मालकाने लगेच नोटीस चिकटवली, अशा वेळी गेटवर बसणारे देशाचे वैरी. आमचा नेता मोठा भला माणूस, गुजराती, पण तो घाबरला. म्हणाला, "आता गप्प बसावं लागेल. लोक जोडे मारतील."

घरच्या बायका रोज दुपारी डबे घेऊन यायच्या. डब्यात काही नसायचं, पण रिकामे डबे घेऊन गेटसमोर बसायच्या, मालकाला दिसावं म्हणून. त्यात ही होती. ती उठून उभी राहिली.

"माझा सख्खा भाऊ तिकडे बंदूक घेऊन उभा आहे. मालकाचं कोण आहे तिकडे?"

"कोई नथी, भाभी," नेता म्हणाला.

"मग घाबरता कशाला? तिकडे मरणार आमचे, इकडे उपाशी बसणार आम्ही. आम्हाला दोन्ही नको. हेच लिहा भिंतीवर, मोठं."

नुसतं लिहून कोण बघणार, माणसं काढा, असं सगळे म्हणायला लागले. माणूस काढता येणारा आमच्यात एक नव्हता. तेव्हा मीच म्हटलं, सावल्या काढू. ती भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन थेट तिच्यावर येतं. एकेकाने भिंतीपासून दोन हात लांब उभं राहायचं, एका हातात उघडा डबा उलटा धरायचा, मी कोळशाने सावलीची कड काढणार, मागून दोघे काळा रंग भरणार. शिकलेल्याची गरजच नाही.

मान म्हणून नेत्याला पहिला उभा केला. तेव्हा तीन वाजले असतील, ऊन वरून येत होतं. वरच्या उन्हाची सावली भिंतीवर खाली सरकते, हे आमच्या डोक्यात आलंच नाही. सावली येईल तशी काढत गेलो. पंचवीस-तीस माणसं झाली. ऊन जसजसं उतरलं तसतशा सावल्या चढत गेल्या. ही चहा करत बसली होती, म्हणून सगळ्यांत शेवटी आली. तोवर सूर्य रुळांच्या पलीकडे टेकायला आलेला. तिची सावली जेवढीच्या तेवढी पडली.

मागे सरून बघतो तर नेता पहिलीतल्या पोराएवढा आणि माझी बायको सगळ्यांत उंच.

"अरे, आ शुं कर्युं?" नेता म्हणाला. "मी तुझ्या घरवाळीच्या कमरेला लागतो."

ही म्हणाली, "भाऊ, पुढे आहात ना तुम्ही? पुढचा जरा वाकला की मागच्याला दिसतं."

सगळे हसले. तोही हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो आम्ही.

चित्राखाली मी तिचंच वाक्य लिहिलं, गुजरातीत. दोन दिवसांनी कोणी येऊन त्यावर शेण मारून गेलं. ही बादली घेऊन गेली आणि फडक्याने पुसून आली. मला म्हणाली, "तुमचं अक्षर पक्कं आहे हो, निघालं नाही." एवढंच. लढाई संपली, तिचा भाऊ सुखरूप आला. कारखाना काही उघडला नाही. मी मग लोकांची घरं रंगवत राहिलो.

म्हातारपणी आम्ही मुलाकडे वासण्याला आलो. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली. दोघं कामावर जातात, नात शाळेत. ही अंथरुणाला खिळली तेव्हा दिवसभर आम्ही दोघंच. एक दिवस म्हणाली, "अहो, मला एकदा भिंत दाखवून आणा ना. रिक्षाने जाऊ."

मी म्हटलं, "काय बघायचंय तिथे? काळे डाग राहिलेत नुसते."

तिने पुन्हा विचारलं नाही. रिक्षा बोलवायला काय लागलं असतं मला? दिवसभर बसूनच होतो.

ती गेल्यावर मी एकटा जायला लागलो. घरात तिचा फोटो आहे, रेशनकार्डावरचा मोठा केलेला. तो नुसता चेहरा. त्यात ती माझ्या कुठवर यायची ते नाही. भिंतीशी उभं राहिलं की तिचा अंबाडा बरोबर माझ्या कानाशी येतो. त्या रांगेत खऱ्या मापाची ती एकटीच. मी तास-दीड तास उभा राहायचो. चहावाला कधी हसला नाही, म्हणून त्याला माझा नंबर देऊन ठेवला होता.

परवा पोचलो तर अर्धी भिंत पिवळी झालेली. नेता गेला होता, नंतरची दहा-बाराही गेली होती. मुकादम पंचविशीचा. मी त्याला म्हटलं, "हे कशाला पुसता?"

"काका, शहर सुंदर करवानुं काम छे. इथे गरब्याचं, पतंगाचं चित्र येणार."

"येऊ दे. शेवटची एक बाई सोड."

"एक सोडली तर साहेब मला सोडणार नाही. कोण छे ए?"

"माझी बायको."

त्याने खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, "फोटो पाडी दउं?" त्याने फोटो काढून माझ्या मुलाला पाठवलाही. मोबाइलमध्ये ती माझ्या अंगठ्याएवढी आली.

त्याची माणसं रोलर घेऊन पुढे सरकत होती. जुन्यावरच थेट रंग मारत होती. मी बोलायला तोंड उघडलं, सवयीने. तो काळा रंग म्हणजे डांबर. तेव्हा रंगाला पैसे नव्हते, रस्त्याच्या कामावरचा अर्धा डबा मागून आणला होता. डांबर खरवडून काढलं नाही, वर अस्तर दिलं नाही, तर उन्हात तापून ते कुठलाही रंग फोडून वर येतं. एवढ्यासाठी मी जन्मभर माणसांना शिव्या दिल्यात. एका पोराला अख्खी टाकी परत खरवडायला लावली होती.

मी तोंड मिटलं.

रोलर तिच्या डब्यावरून गेला, मग हातावरून, मग अंबाड्यावरून. मुकादम जवळ आला. चहावाल्याने त्याला माझ्याबद्दल सांगितलं असणार.

"काका, तमे तो जुने रंगारी. काम बराबर छे ने?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

कामाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नव्हतो. तो खूश होऊन गेला. मी तिथेच उभा राहिलो, ती होती त्या जागेशी. रंग ओला होता म्हणून टेकता आलं नाही. उन्हाळ्याला अजून पाच महिने आहेत, आणि मी अठ्ठ्याहत्तरचा.