आबांच्या सोयरिकीची बैठक

आबा, म्हणजे माझे आजेसासरे, मला कधीच विसरले नाहीत. मी लग्न होऊन बारामतीजवळच्या त्या मळ्यावर आले तेव्हाच त्यांच्या डोक्यातल्या ओळखी पुसायला लागल्या होत्या, त्यामुळे मी कोण हे त्यांना मुळात कधी कळलंच नव्हतं. घरातली बाकीची माणसं एकेक करून विसरली गेली आणि दुखावली. मला ते पहिल्या दिवसापासून ‘पोरी’ म्हणत, मी ओ देत असे. आमचं चांगलं जमलं.

जमत नव्हतं ते माझ्या सासूबाईंचं, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आबा चार घरी जेवून यायचे आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की सुना उपाशी ठेवतात. एकदा शेजाऱ्याची पाण्याची पाळी असताना त्यांनी पाटाची चारी फोडून पाणी आमच्या उसात घेतलं. वर स्वतःच शेजाऱ्याकडे जाऊन म्हणाले, “तुजं पाणी कुनीतरी चोरलं बग,” आणि काठी घेऊन दिवसभर त्याच्याबरोबर चोर शोधत हिंडले. शेजारी बिचारा काय बोलणार, वडीलधारं माणूस.

मग एके दिवशी ते कालव्यात छातीभर पाण्यात उभे सापडले. कितीतरी वर्षांपूर्वी मेलेला बैल बुडतोय म्हणून त्याला बाहेर काढत होते. रानात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा आत्याबाई काष्टा खोचून आत उतरल्या आणि त्यांनी आबांना ओढत काठावर आणलं. घरी येऊन ओल्या लुगड्यानिशी त्यांनी माझ्या सासऱ्यांना सांगितलं, “आता त्यास्नी धाकल्या भाऊजींकडं इंदापूरला धाडा. न्हाय धाडलं तर मी माहेरी जाते. त्यांचं मढं काढायला मी न्हाय ऱ्हायाची हितं.” आत्याबाई बोलल्या की करायच्या. त्यांनी गाठोडं बांधून दाराआड ठेवलंसुद्धा.

आता सासरे आणि त्यांचे इंदापूरचे भाऊ, म्हणजे माझे धाकटे सासरे, समोरासमोर बसले की भांडायचे, म्हणून मध्ये कुणीतरी पोक्त माणूस हवं होतं. गावात एक तात्या होते. अडलेल्या सोयरिकी जुळवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. सासऱ्यांनी त्यांनाच बोलावलं, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खायला लागलं. तात्यांना बैठक म्हणजे एकाच तऱ्हेची ठाऊक.

त्यांनी सोप्यात समोरासमोर दोन जाजमं अंथरायला लावली, मध्ये पानसुपारीचं तबक. एकीकडे सासरे आणि भावकीतले दोघं, दुसरीकडे धाकटे सासरे इंदापूरकडची माणसं घेऊन. तात्या खाकरले. “हं. मुलीकडच्यांनी बोलावं.”

कुणी हसलं नाही. उलट सासरे खरोखरच मुलीच्या बापासारखे बोलायला लागले. “खानं बेताचं हाय. तब्येत ठणठणीत. राग म्हनून न्हाय.” चार घरचं जेवण आठवून मी दाराआड पदर तोंडात कोंबला. समोरून धाकटे सासरे वरबापाच्या थाटात म्हणाले, “आमची ना न्हाय. पर आमचं घर ल्हान, पानी खारट. मानवंल का?”

“सवय हुईल की.”

“आन् घरची आठवण काढली तर?”

यावर सासऱ्यांनी पानसुपारीचं तबक उगाच पुढं सरकवलं.

तेवढ्यात आबा आले, पटका बांधून. नातवंडांना विसरलेल्या त्या माणसाचे हात पटका बांधायला विसरले नव्हते. सगळे उठून उभे राहिले. आबा तबकाशेजारी तात्यांना लागून बसले. त्यांना आत जा म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांच्यादेखत त्यांचं नाव घ्यायची तर त्याहून नव्हती. मग सगळे नाव न घेता बोलायला लागले. “न्यायचं कुणी?” “वर्षाचं सहा म्हयनं तरी न्या.” “आमच्यात बाईमानूस एकटं हाय वो.” आबा ऐकत होते, मान डोलवत होते. जाजमं, तबक, तात्या, टोलवाटोलवी. त्यांनी जन्मभर अशा बैठका केल्या होत्या. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“पोरीत खोट काय हाय?” त्यांनी विचारलं.

माणसं जाजमाची वीण बघत बसली. शेवटी तात्याच म्हणाले, “खोट न्हाय, आबा. जरा विसराय हुतंय.”

“येवढंच? मग पुन्यांदा सांगायचं. त्यात काय जीव जातुया?” आबा दोन्ही बाजूंना रागानं बघत होते. “मगाधरनं बगतोय, ह्यो तिकडं ढकलतोय, त्यो हिकडं ढकलतोय. पोर हाय का पोतं? तुमास्नी नको असंल तर आमच्या घरात द्या. देनं-घेनं काय नको. माजी थोरली सून हाय, ती करंल.”

आणि त्यांनी अडकित्ता उचलला, सुपारी पात्यात धरली. आमच्याकडे बैठकीत सुपारी फुटली की शब्द पक्का, मग देवही मोडू शकत नाही. सासऱ्यांनी वळून आत पाहिलं; त्यांना दाराआडचं गाठोडं दिसत असणार. पण आबांचा हात तसाच थांबला.

“पर तिला इचारलंय का कुनी? जिच्या हाताखाली पोर नांदायची, तिला इचाराय नको?”

कुणीच विचारलं नव्हतं. एवढी शहाणी माणसं जमली होती, इंदापूरहून गाडी जुंपून आली होती, आणि ही गोष्ट सुचली ती एकट्या आबांना. मला त्या साऱ्या जाजमांचा संताप आला.

“पोरी, थोरल्या सुनंला बोलीव,” ते मला म्हणाले.

आत्याबाई माझ्या शेजारीच होत्या. डोईवरचा पदर सारखा करून उंबऱ्यात आल्या. आबांनी त्यांना ओळखलं नाही. परक्या बाईपुढं अदबीनं बोलावं तसं खाली बघत म्हणाले, “बाई, तुमी सांगा. झेपंल का? न्हाय म्हनलात तरी आमचा राग न्हाय.”

आत्याबाईंनी एकदा वळून गाठोड्याकडं पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हटलं नसतं.

“झेपंल,” त्या म्हणाल्या. “पर अट हाय.”

अट म्हटल्यावर तात्या सावरून बसले. अटींवरच त्यांचा जन्म गेला होता.

“कालव्याला पानी सुटंल तवा धाकल्या भाऊजींनी हितं येऊन ऱ्हायाचं आन् पोरीच्या मागनं फिरायचं. पान्यात उतरायची येळ आली तर त्येंनी उतरायचं.”

धाकट्या सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण आबांनी ‘बेस’ म्हणून सुपारी फोडली. गूळ वाटला. आत्याबाईंनी आत येऊन गाठोडं सोडलं आणि त्यातलं लुगडं झटकून दांडीवर टाकलं.

कालव्याला पाणी सुटलं आणि धाकटे सासरे खरंच आले. तोंड पाडून आले. आबा बांधानं पुढं, हे हातभर मागं. आबा थांबले की हे थांबायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्यावर आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, माज्या मागनं ते सारखं फिरतंय, ते कोन गं?”

धाकटे सासरे दारात पाय धूत होते. त्यांना ऐकू गेलं.

“बैठकीत ठरली त्या पोरीच्या माहेरचं हाय, आबा,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते.

“मग पाव्हनं हायती की. आन् तू त्यास्नी उन्हातान्हात उपाशी हिंडवती व्हय? आधी त्यांचं ताट कर.”

आबांनी त्यांना आपल्या पाटाशेजारी बसवलं आणि स्वतः न जेवता आग्रह करायला लागले. आमच्यात आग्रह पाहुण्याला करतात, पोटच्या पोराला नाही. पोराला भूक लागली तर ते मागून घेतं. धाकट्या सासऱ्यांना बापाच्या हातचा आग्रह जन्मात पहिल्यांदा होत होता. “घ्या की पाव्हनं, लाजू नका, तुमचंच घर हाय,” म्हणत आबा भाकरीवर भाकरी वाढत राहिले, आणि ते खाली मान घालून, एकदाही नको न म्हणता खात राहिले.