शरणप्पाची पावडर

किस्से साठवायला काही करावं लागत नाही, दारात उभं राहिलं की पुरतं! दुष्काळात आमच्या वस्तीवर, निळ्या झेंड्याजवळ, बोअरचं मशीन आलं होतं. सोसायटीचे चेअरमन कुणाला तरी सांगत होते, "मशीन उद्या तामलवाडीला चाललं. आपला बोअर कोरडा..." तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला! पुढचं ऐकूच आलं नाही. मग काय, जेवढं ऐकलं तेवढं मी घरोघर सांगून आले.

*

मशीनवाला शरणप्पा मूळचा कर्नाटकातला. आमच्याशी मराठीत बोलायचा, पण खडकात मशीन अडलं की कानडीत ओरडायचा.

"शरणप्पा, दगडाला कानडी कळतं व्हय?"

"दोन दिवस मराठीत सांगून बघितलं की अक्का. ऐकंना!"

*

खाली काळा पाषाण. बिटचे, म्हणजे मशीनच्या खोदायच्या टोकाचे, दात झिजून गुळगुळीत झाले. शरणप्पानं ते बिट माझ्या शेजारच्या सरूबाईला दाखवलं. म्हातारीच्या तोंडात मोजून दोन दात.

"माझेबी गेले बाबा. म्हणून म्या भाकर सोडली का?"

शरणप्पानं नवं बिट लावलं!

*

आता खरी गंमत ऐका. दर दहा फुटांना दगडाची जी पावडर वर यायची, तिचा शरणप्पा एकेक ढीग ओळीनं मांडायचा. परवानगी दोनशे फुटांची. ती संपली आणि पाणी नाही. पण शेवटचा ढीग लाल निघाला होता. शरणप्पा म्हणाला, "लाल थर लागला, खाली पाणी असंल. पाणीपुरवठ्याच्या साहेबाला हा ढीग दाखवला की पुढं खोदू देईल."

एवढं बोलून तो जेवायला गेला. परत येतो तर एकही ढीग जागेवर नाही! भांडी घासायला झकास म्हणून बायकांनी सगळी पावडर उचललेली.

साहेब जीपमधून उतरले. "पुरावा नसेल तर मशीन हलवा!"

कुणाच्या घरात काय आहे, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? साहेबांना थेट सरूबाईच्या दारात नेलं. बूट काढून साहेब आत आले. चूल लालभडक सारवलेली!

शरणप्पा कळवळला, "आज्जी, यात पाणी किती घातलं वो?"

"पाणी? घरात घोटभर न्हाय, तुला घालाया कुठलं आणू? ही माती ओलीच व्हती!"

साहेबांनी चुलीला बोट लावलं. बोटाकडं पाहिलं. तिथंच उकिडवं बसून कागदावर सही केली, "आणखी दोन रॉड खाली जाऊ द्या."

दुसऱ्या रॉडला पाणी उसळलं! पांढरा चिखल अंगावर घेत बायकांनी घागरी, पातेली, परात, हाताला लागेल ते भरलं.

दुसऱ्या दिवशी मशीन तामलवाडीला गेलंच. चेअरमन मला म्हणाले, "काकू, निम्मी बातमी तर खरी निघाली तुमची!"

निरोप द्यायला सगळी वस्ती रस्त्यावर होती. एकटी सरूबाई तेवढी आली नाही. ती अंगणात केस धूत होती. सकाळपासून दुसऱ्यांदा!