उंबरठ्यावर ठरलेली किंमत

देवासचे संस्थान विलीन झाले आणि राजवाड्यामागचे आमचे सरकारी घर रिकामे करण्याची चिठ्ठी आली. वडील संस्थानाच्या थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. त्यांच्या मनाला ती चिठ्ठी लागली. आईला मात्र, मला आजही वाटते, तिच्यामुळे आतून हलके वाटले असावे. त्या घरात भिंतीला एक खुंटी ठोकायची तरी अर्ज करावा लागे. लग्नानंतरची बारा वर्षे तिने परक्या भिंतींना पाठ टेकून काढली होती.

टेकडीच्या पायथ्याशी धान्याच्या एका माळवी व्यापाऱ्याने नवे घर बांधले होते आणि ते विकायचे होते. तो साडेपाच हजार मागत होता. वडिलांची झेप साडेचारपर्यंत. त्यापलीकडे एक पैसा नव्हता. तीन आठवडे ते दर दोन दिवसांनी जाऊन बसत आणि परत येऊन सांगत, "अजून तिथंच अडलंय." सरदारपूरचे एक गिऱ्हाईक पाच हजार रोख द्यायला तयार आहे आणि सोमवारी येणार आहे, असे कळले तेव्हा वडिलांचा चेहरा उतरला. शेवटचा प्रयत्न म्हणून शुक्रवारी ते आईला घेऊन निघाले. मी दहा वर्षांची. मागे लागले म्हणून मलाही नेले.

आधी टेकडीवर जाऊन देवीचे दर्शन घेतले. उतरताना वडिलांनी पायरीवर थांबून आईला बजावले, "हे बघ, आत गेल्यावर कशाचंही कौतुक करायचं नाही. आवडलं तरी तोंड कडू ठेवायचं."

"मी कशाला बोलते?" आई म्हणाली. "तुम्ही बोला. मी नुसती बघते."

ते घर आधी मला वासाने भेटले. ओल्या चुन्याचा थंडगार, किंचित तिखट वास, त्यात नुकताच रंधा मारलेल्या सागवानाची गोडी. भिंती अजून पाणी पीत होत्या. हात लावला की तळव्याला ओलसर गारवा चिकटे. मी ओसरीवर "ओ" केले तर रिकाम्या खोल्यांनी तो आवाज एकमेकींकडे सोपवत सोपवत माजघरापर्यंत नेला. अंगणात विहीर होती आणि तिच्या कडेला फरशीचे दगड रचून ठेवले होते. मागच्या दोन खोल्यांत ते बसवायचे राहिले होते. व्यापाऱ्याची म्हातारी आई उन्हात बसून हिरवे हरभरे सोलत होती.

वडिलांनी ठरल्याप्रमाणे खोट काढायला सुरुवात केली. "दार जरा बुटकं आहे. विहिरीचं पाणी जड लागतं, डाळ शिजायची नाही. आणि बाजार केवढा लांब!"

"बाबूसाब," व्यापारी शांतपणे म्हणाला, "बाजार दूर है तो मच्छर भी दूर हैं."

मी हसले, वडिलांनी डोळे वटारले. ते आता पावसाळ्यात कुठे गळेल यावर बोलू लागले. आई दारापाशीच उभी होती. तिच्यासमोर तो नवा, कोरा उंबरठा होता. अखंड सागवानाचा, मधाच्या रंगाचा, जो अजून कुणाच्या पावलांनी झिजला नव्हता. तिच्या मुठीत देवळातून आणलेली हळदकुंकवाची पुडी होती. ती वाकली. जे ती रोज सकाळी स्नानानंतर करी तेच तिने केले: दोन बोटे हळद, दोन बोटे कुंकू, मग कपाळ टेकून नमस्कार. एवढे करून ती उभी राहिली तेव्हा आम्ही सारे तिच्याकडे बघत होतो.

आधी व्यापारी हसला, पोट धरून. "लो साब! बाईसाब ने तो घर पूज लिया. अब दार बुटका कैसे हुआ?"

वडिलांचे कान लाल झाले. "अगं, हे काय केलंस?"

"हात आपसूक गेला," आई एवढेच म्हणाली. कुंकवाने माखलेली बोटे तिने पदरात लपवली. तिच्या डोळ्यांत पाणी दाटले. आपल्या चार बोटांनी नवऱ्याची तीन आठवड्यांची मेहनत पुसली, हे तिला कळले होते.

"अब तो बात सीधी है," व्यापारी म्हणाला. "पांच से नीचे नहीं. नहीं तो सोमवार को सरदारपुरवाले…"

"कां को सरदारपुर?" अंगणातून म्हातारी कडाडली. मांडीवरचे हरभरे सुपात ओतून ती गुडघ्यांवर हात ठेवत उठली, उंबरठ्याशी आली, वाकून बघत राहिली. "सुवागण का हाथ को कंकू लगी गयो. अब यो घर दूसरा के कसे देगो? पूजेली देहली बेचेगो?"

"माँ, पाँच सौ का फरक है!"

"तो फरक मिटा. बेटी हे, खाली हाथ नी जायगी."

व्यापाऱ्याचे हसू मावळले. सवाष्णीने पुजलेला उंबरठा दुसऱ्याला द्यायचा नाही, हा म्हातारीचा हट्ट; घर आता आमच्याशिवाय कुणाला विकता येत नव्हते, आणि आम्हालाही ते सोडता येत नव्हते. दोघेही एकाच उंबरठ्यात अडकले. पंचवीस-पन्नासांनी तो उतरत गेला आणि चार हजार सातशेवर येऊन खांबासारखा उभा राहिला. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती टोपी उतरली म्हणजे त्यांच्याजवळ आता काहीच उरले नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

मग आई बोलली; पदर सावरून, जमिनीकडे बघत, पण आवाज स्वच्छ. "मागच्या दोन खोल्यांना फरशी बसवू नका. हे दगड परत न्या, गवंड्याची मजुरीही वाचेल. मी शेणानं सारवीन. त्याचे दोनशे कमी करा."

व्यापाऱ्याने दगडांकडे पाहिले, मनात काही जुळवले आणि पुन्हा हसला, या वेळी हरल्यासारखा. "बाबूसाब, आप दफ्तर में बैठो. मंडी में इनको भेजो."

म्हातारीने डब्यातून गुळाचा खडा काढून आधी आईच्या तळहातावर ठेवला, मग वडिलांच्या, मग माझ्या. सौदा पक्का झाल्याची ती रीत. तो गूळ नवा, काळसर, मातीचा जरासा वास असलेला. दातांखाली उसाचा तंतू लागला. तसा गोड गूळ मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

परतताना वडील चार पावले पुढे. मग आईने मागून विचारले, "रागावलात का हो?"

"नाही," ते वळून न बघता म्हणाले, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. "पुढचं घर घेताना मात्र बोलणी तूच करायचीस."

"पुढचं?" आई रस्त्यातच थांबली. "मी आता हलायची नाही."